चौकातली बारीक मी

मी जाड आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला अंदाज बांधत बसायला नको. लग्नाआधी मला "अंगानं भरलेली" म्हणायचे, मुलगी झाल्यावर "सुटलीस गं" म्हणायला लागले आणि आता कुणी काही म्हणत नाही. फक्त रिक्षात मी चढायला लागले की बाजूची बाई न सांगता पिशवी मांडीवर घेते.

नाशिकला मेन रोडच्या एका गल्लीत साड्यांचं दुकान आहे, तिथे मी चौदा वर्षं नोकरी करते. पैठणी हा आमचा मुख्य माल. गिऱ्हाईक गादीवर बसतं, साड्यांचा ढीग पडतो आणि एखाद्या साडीवर मन अडकलं की बाई म्हणते, "अंगावर टाकून दाखवा ना." मग आमच्यातल्या कुणीतरी आरशासमोर उभं राहायचं, नेसत्या साडीवरूनच ती नवी साडी गुंडाळायची, निऱ्या चिमटीत धरायच्या आणि पदर सोडायचा. काही दुकानांत हे काम पुरुष करतात आणि झकास करतात. आमच्याकडे ते माझं काम आहे.

दुकानात माझ्यापेक्षा तरण्या, शिडशिडीत मुली आहेत. पण त्यांच्या अंगावर साडी टाकली की गिऱ्हाईक सुस्कारा सोडतं, "तिला काय, गोणपाट पण शोभेल." माझ्या अंगावर टाकली की बायका पुढे सरकतात. "तुम्हाला एवढी छान दिसतेय, म्हणजे मला पण दिसेल," असं किती जणींनी तोंडावर म्हटलंय. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मी त्यातलं कौतुक तेवढं घरी न्यायचे.

सकाळी दुकान उघडलं की काचेतल्या दोन पुतळ्यांना साडी नेसवायचं कामही माझंच. त्यांची कंबर माझ्या दोन पंजांत मावते. माझ्या अंगावर साडीच्या पाच निऱ्या पडतात, त्यांच्या अंगावर नऊ पडतात, तरी कापड उरतं. उरलेलं मागे दुमडून पिना मारायच्या. रस्त्यावरून बघणाऱ्याला पुढची नजाकत दिसते, मागची पिनांची रांग फक्त मला दिसते.

अजून एक सांगायचं राहिलं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेते, दंड झाकून. दुकानात एसी असतो, म्हणून. निदान कुणी विचारलं तर मी हेच सांगत आले.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, अकरावीला. बांधा माझा, दंड तर हुबेहूब माझे. तान्ही असताना शेजारणी तिचे दंड हळूच दाबून म्हणायच्या, "आईचे घेतलेत गं हिने," आणि मला केवढा आनंद व्हायचा. दहावीनंतर ती वडिलांचे शर्ट घालायला लागली. खरेदीला येईना. मग डब्यातली एक पोळी परत यायला लागली, मग दोन्ही. मी ओरडले, लाडीगोडी लावली, काही उपयोग झाला नाही.

एकदा तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आई, हा कुर्ता ट्रिपल एक्सएल म्हणून विकतायत. घातलाय कुणी बघ."

फोटोत काडीसारखी मुलगी होती आणि कुर्ता तिला अगदी मापात बसला होता. मी पुतळ्यांच्या अनुभवावरून म्हटलं, "मागून चिमटे लावले असतील गं."

"ते मला पण कळतं. पण ज्या मापाचा कपडा, त्या मापाची एक मुलगी त्यांना मिळत नाही? अख्ख्या मोबाईलमध्ये नाही. चौकातल्या एका बोर्डावर नाही. मग मी असते कुठे?"

उत्तर सुचलं नाही की मी मोठ्या आवाजात बोलते. म्हटलं, "माझ्याकडे बघ. रोज परक्या बायकांपुढे, मोठ्या आरशापुढे उभी राहते मी. वाटते का मला लाज? कधीच नाही." ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, पटलं तिला.

मागच्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी आमच्या धाकट्या शेठनी मला ऑफिसात बोलावलं. मोठे शेठ आता फक्त दुपारी येऊन बसतात, दुकान मुलगाच बघतो. माणूस चांगला आहे. दर लग्नसराईला आमच्या होर्डिंगसाठी मुंबईहून एका मुलीचे फोटो येत. तो म्हणाला, "ताई, बायका साडी बघतात तुमच्या अंगावर आणि बोर्डावर आपण दुसरीच कुणीतरी लावतो. या वर्षी तुम्हीच. आपल्या दुकानातली, आपली बाई."

मला आधी थट्टा वाटली. घरी सांगितलं तेव्हा मुलीने ताटावरून मान वर केली.

"तू? जशी आहेस तशी?"

"मग काय, कशी?"

"आई, शपथ?"

"शपथ."

डिसेंबरात तिच्या कॉलेजला साडी डे असतो. तिने आधीच जाहीर केलं होतं की त्या दिवशी ती घरी बसणार. आता म्हणाली, "तुझा बोर्ड लागला ना, तर मी साडी नेसेन. तुझी जांभळी." दुसऱ्या दिवशी तिचा डबा रिकामा आला. मी तो घासायच्या आधी दोनदा उघडून बघितला. त्याच आठवड्यात त्या जांभळ्या साडीवरचा ब्लाउजपीस मी तिच्या मापाने शिवायला टाकला. ब्लाउजपीस आमच्या मापाला कधीच पुरत नाही, टेलर बाह्यांतून कापड चोरतो, तसंच तिचंही झालं. चार बोटांच्या बाह्या आल्या. पण तिने कुरकुर केली नाही, उलट आरशात दोनदा वळून बघितलं.

फोटो कॉलेज रोडच्या स्टुडिओत काढले. येवल्याहून नुकतीच आलेली हिरवीगार पैठणी, लाल काठ, पदरावर मोर. ब्लाउजचं रडगाणं तेच, बाह्या आखूड. पण तिथे दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन कसं चालेल? मोर दिसायला हवेत. पदर डाव्या हातावर घेऊन पोटासमोर पसरवला आणि उजवा दंड मोकळा राहिला. फोटोवाला सारखा म्हणत होता, "मस्त ताई, श्वास आत." मी इतका वेळ श्वास धरून ठेवला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

चार दिवसांनी मी दुकानाच्या माळ्यावर डबा खात असताना धाकट्या शेठनी व्हॉट्सअॅपवर दोन फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, "ताई, एक जसा काढला तसा आहे, एकात थोडं फिनिशिंग केलंय. तुमची जी मर्जी तो लावू."

पहिल्या फोटोत मी होते. दोन बोटांनी मी तो मोठा केला आणि दंडापाशी थांबले. चौदा वर्षं दुकानातल्या आरशात बघत होते, पण माझं लक्ष कायम साडीकडे असायचं. दुसऱ्या फोटोत एक बाई होती, तोंड माझं, हनुवटी एकच, कंबर पुतळ्याच्या जवळ जाणारी. मला ती आवडली. सांगायला लाज वाटते, पण फार आवडली. वाटलं, हीच जर मी असते तर रिक्षातल्या बाईने पिशवी बाजूलाच राहू दिली असती.

मी लिहिलं, "दुसरा चालेल."

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दोन मिनिटांनी मी अजून लिहिलं, "उजवा दंड अजून थोडा कमी करता येईल का? फार खराब दिसतोय." पुढे हात जोडलेलं चित्र टाकलं. तासाभरात नवा फोटो आला आणि मी अंगठा पाठवला. त्या तासात मला मुलीची आठवण आली नाही असं नाही. आली. पण मी मनाची समजूत घातली की एवढंसं काही तिच्या लक्षात यायचं नाही.

बोर्ड द्वारकेच्या चौकात लागला. आम्ही जेलरोडला राहतो, म्हणजे शहरात यायला-जायला मधे द्वारका लागणारच. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहेत. मुद्दाम स्कूटर घेऊन बघून आले आणि दारातूनच हसत म्हणाले, "अगं, लग्नात पण एवढी बारीक नव्हतीस तू!" त्यांना खरंच गंमत वाटली होती. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत पळाले.

मुलीने तो बोर्ड कॉलेजातून येताना बसमधून बघितला. घरी आल्यावर डबा ओट्यावर ठेवला आणि कपडे बदलायला गेली. मी उघडला. भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या, सकाळी घातल्या तशाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बोर्डावरची कोण आहे?"

"मीच की."

"आई, तुझं डोकं आहे फक्त. कुणी केलं ते?"

माझे हात पिठात होते. खरं सांगायला तेव्हाच वेळ होती, घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "दुकानवाल्यांनी केलं. मला न विचारता."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"नोकरी आहे गं. काय बोलणार?"

ती म्हणाली, "म्हणजे तू आहेस तशी त्यांना पण नको होतीस."

"हो," मी म्हटलं.

या एका 'हो'चा मला आजही संताप येतो. स्वतःची अब्रू वाचवायला मी माझ्या पोटच्या पोरीला सांगितलं की आपण आहोत तशा कुणालाच नको असतो.

पुढचे नऊ दिवस डबा भरलेला परत आला. विचारलं तर "कॅन्टीनमध्ये खाल्लं" म्हणायची. दहाव्या दिवशी कॉलेजातून फोन आला, मुलीला चक्कर आलीय, घेऊन जा. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि तिच्यासमोर मला विचारलं, "ही घरी खात नाही का?" मी त्यांच्या टेबलावरच्या पेनकडे बघत बसले. घरी येताना रिक्षा द्वारकेला सिग्नलला थांबली. बरोबर बोर्डाखाली. वर मी हसत होते, खाली आम्ही दोघी आपापल्या बाजूला बघत होतो.

त्यानंतरच्या शनिवारी दुकानात गर्दी होती. सिन्नरहून आलेल्या एका बाईंनी राणी रंगाची पैठणी काढली होती आणि मी ती अंगावर घेऊन आरशासमोर उभी होते. तेवढ्यात येवल्याचे काका आत आले. त्यांच्या मागावर विणलेला माल आमच्याकडे येतो, बोर्डावरची पैठणी त्यांचीच. एरवी ते आले की खांद्यावरचं गाठोडं आधी नीट खाली ठेवतात, पाणी मागतात, मग बोलतात. त्या दिवशी गाठोडं खांद्यावरच होतं.

"शेठ, त्या चौकातल्या बोर्डावरचा मोर कुणाचा हाय?"

धाकटे शेठ हसले. "काका, तुमचाच की."

"माझा नाय तो. चाळीस वर्षं मोर काढतोय मी. माझ्या मोराचं पोट गोल असतं. एकेक धागा मोजून काढतो, तवा ते गोल येतं. तो तिथं टांगलाय तो लय दिवसांचा उपाशी हाय. मान लांब, पोट आत, पाय काड्या. कुणी केलं हे?"

शेठना आधी कळेना. मग त्यांनी मोबाईलवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि पदर मोठा करून बघितला. माझं पोट आत घेताना डिझायनरने पोटासमोरचा पदरही आत घेतला होता. काठ तिरका झाला होता आणि पदरावरचे सगळे मोर चेपले होते. इतके दिवस दुकानातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी त्या फोटोत मोरांकडे बघितलंच नव्हतं.

"लोक म्हणतील, येवल्याच्या मागावर आता असलं निघतंय," काका म्हणाले.

"बरोबर आहे, काका. चूक झाली. बोर्ड उतरवतो. मूळ फोटो लावतो."

पाच मिनिटांत निर्णय झाला. मी राणी रंगाच्या निऱ्या चिमटीत धरून उभी होते आणि मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. मोराला न्याय मिळाला होता. आणि मूळ फोटो म्हणजे तो दंड, चौकात, सगळ्या नाशिकसमोर.

"सर, माझ्या आईचं काय?"

मी आरशात बघितलं. माझ्यामागे दुकानाच्या पायरीवर मुलगी उभी होती, पाठीवर कॉलेजची सॅक. कधी आली, किती ऐकलं, देव जाणे. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"मोर बारीक केला तर लगेच बोर्ड उतरवता. माझ्या आईला बारीक केलं, ते पण तिला न विचारता. ती नोकरीच्या भीतीने बोलत नाही, म्हणून मी विचारायला आले."

ती घाबरली होती. सॅकचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि ओठ कोरडे पडले होते. इतके दिवस पोटात धड अन्न नसलेली माझी पोर माझ्यासाठी भांडायला एवढ्या लांब आली होती.

धाकटे शेठ गोंधळले. "न विचारता? नाही गं बाळा. ताईंनीच तर पास केला फोटो. हे बघ ना." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. काकांना दाखवायला फोटो उघडलेलेच होते, त्यांनी त्याच मोबाईलवर माझे मेसेज काढून तिच्यापुढे धरले.

मी तिथून चार पावलांवर होते. अंगाभोवती साडेपाच मीटर पैठणी, निऱ्या बोटांत. निऱ्या सोडल्या असत्या तर नवी कोरी साडी जमिनीवर पडली असती. चौदा वर्षांची सवय. मी निऱ्या सोडल्या नाहीत. ती वाचत होती आणि मी शहाण्यासारखी निऱ्या धरून उभी होते.

तिने एकदाच वाचलं. मग प्रथमच माझ्याकडे बघितलं.

"फार खराब दिसतोय," ती म्हणाली. माझेच शब्द, अगदी हळू. मग म्हणाली, "ते माझे हात आहेत, आई."

आणि ती पायरी उतरून गेली. तेव्हा माझ्या बोटांतून निऱ्या सुटल्या. पण ती साडी पायांत अडकली, सोडवून बाहेर येईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. परत आले तर सिन्नरच्या बाई माझी नजर चुकवत होत्या. काकांनी आता कुठे गाठोडं खाली ठेवलं होतं.

"पोरगी तुमची का, बाई?"

मी मान हलवली.

"मी माझा मोरच बघितला," ते म्हणाले. "बाईकडं ध्यानच गेलं नाय माझं. चुकलं."

मूळ फोटोचा बोर्ड मंगळवारी लागला. मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. वडिलांशेजारी बसून दोन घास खायची, मी वाढायला गेले की उठायची. यजमानांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ मोजे काढत बसले, मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? तिला सांग." मी रोज ठरवायचे आणि रोज पोळ्या लाटताना तो विषय तसाच राहायचा.

साडी डेच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. कार्यक्रम दहाचा, म्हणून आम्ही दोघी एकाच वेळी निघणार होतो. मी आवरून खोलीत आले तर पलंगावर जांभळी साडी काढलेली. ती ब्लाउज-परकर घालून कपाटाच्या आरशासमोर उभी होती, हात छातीशी घट्ट घेऊन.

"मैत्रिणींना हो म्हटलंय," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "नेसवून दे."

ब्लाउज महिन्याभरात तिला सैल झाला होता. बाजूंनी बोटभर. मागून दोन पिना मारल्या, पुतळ्यांना मारते तशा. मी पहिला वेढा घेतला, निऱ्या घातल्या, खोचल्या. मग म्हटलं, "खोटं बोलले मी तुझ्याशी."

"कुठलं?"

"त्यांनी न विचारता केलं म्हटलं, ते."

"ते कळलं मला."

"आणि लाज वाटत नाही म्हटलं होतं, ते पण. वाटते. रोज वाटते. तुझी नाही गं, माझी. पण तू तर माझ्यासारखीच आहेस, एवढं पण माझ्या टाळक्यात शिरलं नाही."

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. "ते मला पहिल्यापासून माहीत होतं. तू म्हणतेस एसी असतो म्हणून पदर घेते. मे महिन्यात बाजारात पण तसाच घेतेस. लग्नात तसाच. घरी कुणी आलं तरी तसाच." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोसला असता. "माझा पण तसाच घे. तुझ्यासारखा. दोन्ही खांद्यांवरून."

माझ्या हातात तिचा पदर होता आणि ओठांत पिना. एवढी वर्षं मी तिला तोंडाने काय काय शिकवत होते आणि ती माझ्या पदराकडे बघून शिकत होती.

मी पिना काढून पलंगावर ठेवल्या. माझ्या उजव्या खांद्यावरचा पदर खाली ओढला आणि कमरेला खोचला. ब्लाउजच्या बाह्या माझ्याही आखूडच आहेत. थंडीने दंडावर काटा आला. "आता माझ्यासारखा घेते," मी म्हटलं, आणि तिच्या पदराच्या पट्ट्या घालून एका खांद्यावर पिन लावली.

आरशात आम्ही दोघी दिसत होतो, चार दंड, एका साच्यातले. तिने नजर वळवली आणि चपला शोधायला लागली. निघताना तिने पर्समध्ये काळा स्टोल कोंबला. "थंडी आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, आहे."

बसमध्ये एकच जागा मिळाली. तिला बसवलं आणि मी शेजारी उभी राहिले, उजव्या हाताने वरचा दांडा धरून. तसा हात वर केला की दंड कसा दिसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच मी बसमध्ये कायम खालची सीट धरून वाकडी उभी राहते. समोरच्या बाकावरच्या बाईने बघितलं, मग तिच्या शेजारणीने. माझे कान तापले होते. हात खाली घ्यावा असं दर स्टॉपला वाटत होतं.

मुलीने पर्स मांडीवर घेतली होती आणि तिची बोटं चेनवर होती. चेन अर्धी उघडी होती, आत स्टोलचं काळं टोक दिसत होतं.

द्वारकेला बस थांबली. डाव्या खिडकीबाहेर मी होते, दोन मजले उंच, हिरव्या पैठणीत, गोल पोटाच्या मोरांसकट. अख्खी बस वाकून बघत होती. कुणीतरी बोर्डाकडे बघून माझ्याकडे बघितलं आणि कुजबुज सुरू झाली.

मी हात खाली घेतला नाही. वाकून मुलीला बोर्ड दाखवणार होते, तर तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती मान वर करून माझ्या दंडाकडे बघत होती, आणि चेनवरची तिची बोटं अजून हलली नव्हती.